विहीणबाईंचं सूप आणि माझा मेन स्विच

माझ्या हातून आजवर एकही घर जळालेलं नाही.

ही बढाई नाही, धंद्याची पत सांगतोय. राहुरीत तीस वर्षं वायरमनचं काम केलं. शाळा सातवीत सुटली (शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही), पण ज्या उस्तादाच्या हाताखाली पक्कड धरायला शिकलो, त्यानं पहिल्याच दिवशी कान पिळून सांगितलं होतं, "घराबाहेर पाऊल, तर मेन बंद." हे वाक्य माझ्या डोक्यात नाही, हातात बसलंय. लग्नाला निघालो, मेन बंद. बाजाराला निघालो, मेन बंद. एकदा तर बायको आत अंघोळ करत असताना मेन बंद करून गेलो होतो! (हिवाळा होता, गिझर होता. पुढचं सांगत नाही.)

असा मी यंदा लेकीकडे अमेरिकेत, अल्फारेटाला आलो. स्नेहा माझी एकुलती एक. शिकायला म्हणून इकडे आली आणि वर्गातल्याच डॅनियलशी लग्न केलं. जावई शाळेत गणित शिकवतो आणि मला दिवसातून चार वेळा विचारतो, "पप्पा, जेवलात का?" मराठीतलं त्याला एवढंच वाक्य येतं, पण माणसाला आणखी काय लागतं?

मी इथं जपून राहतो. फ्रिजच्या पोटात आपोआप बर्फ पडला तरी दचकतो. इथल्या सॉकेटला बटणच नसतं, हे पाहून तर पहिले तीन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. नळ बसवायचा आणि तोटी विसरायची, त्यातला प्रकार! गॅरेजच्या भिंतीत लोखंडी झाकणाची पेटी होती, तिच्यात वरती मोठा मेन सापडला तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. रोज सकाळी एकदा मी तिचं झाकण उघडून बघत असे. गावाकडचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटायचं.

तर एके दिवशी स्नेहा म्हणाली, "पप्पा, पुढच्या गुरुवारी डोरोथी येतेय. तुम्हाला भेटायला."

डोरोथी म्हणजे डॅनियलची आई. म्हणजे माझी विहीण!

लग्नाच्या वेळी मला व्हिसा मिळाला नव्हता. लग्न मी फोनवर पाहिलं. (अर्धं. मग रेंज गेली.) त्यामुळे ही पहिलीच भेट. आता अमेरिकेत असो की राहुरीत, मुलीचा बाप तो मुलीचा बाप. विहीणबाईंचा मान कुठं कमी पडला, तर ते पुढं तीन पिढ्या ऐकावं लागतं. आणि इथं तर नुसत्या मानाचा प्रश्न नव्हता. स्नेहा इकडे आली त्याच वर्षी तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. इथं सख्खं कोणी नाही. तिकडे मी आणि माझी बायको मंगल रात्रंदिवस फोन हातात धरून बसलेलो. तेव्हा या डोरोथीबाईंनी, लग्नाबिग्नाचा विषयसुद्धा नसताना, माझ्या पोरीला ओहायोला आपल्या घरी नेलं. अठरा दिवस ठेवून घेतलं. स्वतःच्या हातानं तिचे केस धुतले आणि बीफ-बटाट्याचं सूप करून पाजलं.

या बाईचे आभार मानायचे राहिले होते. सहा वर्षं!

म्हणून मी जाहीर केलं, "ते सूप मी करणार. त्यांनी माझ्या लेकीला जे खाऊ घातलं, तेच मी त्यांना वाढणार."

स्नेहा म्हणाली, "पप्पा, बाहेरून मागवू ना. तुम्ही बीफ कधी केलंय का?"

"मटण केलंय की."

"ते वेगळं."

"शिजवायचंच आहे ना? माणसानं वायर ओढली काय आणि..."

"पप्पा, प्लीज, वायरीचं उदाहरण नको."

(आम्ही ख्रिस्ती, तेव्हा बीफचं वावडं नाही. पण आमच्या घरी रविवारी चर्चहून आलं की बोकडाचं मटण, त्यापलीकडे मजल गेली नव्हती.)

स्नेहाकडे विजेवर चालणारं एक मोठं भांडं आहे. त्याला स्लो कुकर म्हणतात. सकाळी सगळं आत टाकायचं, बटण दाबायचं आणि आठ तास विसरून जायचं. ना शिट्टी, ना वाफ, ना आवाज. डोरोथीबाईंनी स्वतः लिहून दिलेलं कार्ड स्नेहानं मला मराठीत उतरवून दिलं. गुरुवारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी तिनं माझ्याकडून मांस परतून घेतलं, बटाटे, गाजरं, कांदे, सेलरी सगळं माझ्याच हातानं आत टाकलं. बरोबर आठ वाजता बटण दाबलं.

"संध्याकाळी चारला तयार. ती साडेपाचला पोचेल. झाकण उघडायचं नाही, पप्पा."

"बरं."

"अजिबात नाही."

"अगं, बरं म्हटलं ना."

ती गेली, डॅनियल गेला. मी खुर्ची ओढून भांड्यासमोर बसलो. तेवढ्यात मंगलचा फोन आला. तिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती राहुरीलाच राहिली होती.

"अहो, साडी घेतली का विहीणबाईंना?"

"साडी?"

"मग काय रिकाम्या हातानं भेटणार? सहा वर्षांनी? मुलीचे बाप आहात तुम्ही!"

साडी! मी आभाराचं इंग्रजी वाक्य पाठ केलं होतं, देवनागरीत लिहून खिशात ठेवलं होतं, पण साडी डोक्यातच आली नव्हती.

मी चार घरं सोडून राहणाऱ्या डॉक्टर कुलकर्ण्यांना फोन केला. हे निवृत्त सर्जन. चाळीस वर्षं इथं आहेत, पुण्याचे आहेत आणि शुद्ध शाकाहारी आहेत. या तिन्ही गोष्टी ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. माणूस मात्र लाख मोलाचा. म्हणाले, "साळवे, दहा मिनिटांत गाडी घेऊन येतो. तासाभरात परत."

दहा वाजता बाहेर हॉर्न वाजला. मी फोन चार्जिंगला लावला होता, तो तसाच विसरलो. बूट घातले, किल्ली घेतली, गॅरेजमध्ये गेलो आणि...

तुम्हाला कळलंच असेल. मला मात्र कळलं नाही. इथं आल्यापासून रिकामं घर सोडून एकटा बाहेर पडायची ही माझी पहिलीच वेळ होती. हात वर गेला, खटका खाली आला, मी पुढच्या दारानं बाहेर पडलो. कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि गाडीत बसलो.

"काय साळवे, सगळं नीट ना?"

"एकदम. मेन बंद करून आलोय. आता बिनघोर."

"वा! याला म्हणतात शिस्त. आमच्या हिला सांगतो, ही इस्त्री चालू ठेवून जाते."

"आणि घरी सूपसुद्धा शिजतंय," मी अभिमानानं म्हणालो. "आठ तास लागतात."

"उत्तम!"

एक सातवी शिकलेला वायरमन आणि एक दोन-दोन डिग्र्यांचा सर्जन, एकाच गाडीत, एकाच मिनिटात ही दोन वाक्यं बोलले. आणि दोघांच्याही डोक्यात दिवा लागला नाही!

डॉक्टरांचा तास म्हणजे काय, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. आधी लायब्ररीत पुस्तक परत केलं. मग एका दुकानात पडद्याचा गज परत केला. (तो मागच्या उन्हाळ्यात घेतला होता. काउंटरवरच्या बाईनं तो घेतला, हेच नवल.) मग एका ठिकाणी चीज चाखायला ठेवलं होतं, तिथं त्यांनी एकूण सात तुकडे चाखले आणि घेतलं काही नाही. साडीच्या दुकानात आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती.

"अमेरिकन बाई आहे," डॉक्टर म्हणाले. "साईज विचारून ठेवायला हवी होती."

"डॉक्टर, साडीला साईज नसते."

"हो, तेही खरंच. चाळीस वर्षं झाली ना इथं."

निळी की हिरवी यात आणखी तास गेला. शेवटी निळी घेतली. परतीच्या वाटेवर मी डोळे मिटून सुपाचा विचार करत होतो. आतापर्यंत मांस मऊ झालं असेल, बटाटे विरघळायला आले असतील...

साडेतीनला गाडी आमच्या दारासमोर थांबली. दारात एक धुळकट पिकअप ट्रक उभा. आणि पुढच्या पायरीशी घडीची खुर्ची टाकून, गुडघ्यावर शाल पांघरून, एक पांढऱ्या केसांची उंच बाई शब्दकोडं सोडवत बसलेली.

फोटोत पाहिलेला चेहरा ओळखू आला आणि माझे पाय गाडीतच राहिले.

विहीणबाई! दाराबाहेर! मुलीच्या बापाच्या!

नंतर कळलं ते असं. ओहायोहून ट्रक चालवत निघालेल्या या अडुसष्ट वर्षांच्या बाईंना रस्ता मोकळा मिळाला आणि त्या दोन वाजताच पोचल्या. डॅनियलनं त्यांना गॅरेजचं दार उघडायचा नंबर देऊन ठेवला होता. त्यांनी तो दाबला. दार हललं नाही. पुन्हा दाबला. हलणार कसं? दाराची मोटर विजेवर, आणि वीज मी जातीनं बंद करून गेलेलो! मुलांना कामात त्रास नको म्हणून त्यांनी फोन केला नाही. ट्रकमधून खुर्ची काढली आणि दीड तास नोव्हेंबरच्या गारठ्यात शांतपणे बसून राहिल्या.

मी गाडीतून उतरलो. खिशातलं वाक्य आठवेना. कागद काढला तर तो उलटा धरलेला. तोंडातून एकच शब्द निघाला, "सॉरी." मग परत, "सॉरी." एकूण अकरा वेळा, असं डॉक्टर म्हणतात.

डोरोथीबाई उठल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी गोड बोलल्या. डॉक्टर पुढं झाले आणि फाडफाड इंग्रजी सुरू केलं. मला त्यातलं 'फादर', 'ट्रॅडिशन' आणि 'व्हेरी ओल्ड' एवढंच कळलं. डोरोथीबाईंचे डोळे मोठे होत गेले. त्यांनी छातीवर हात ठेवला.

"काय सांगितलंत?" मी हळूच विचारलं.

"सांभाळून घेतलंय. तुम्ही नुसतं हसा आणि साडी द्या."

मी हसलो. साडी दिली. दार उघडलं. आत मिट्ट काळोख, पडदे ओढलेले. सवयीनं बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. काही नाही.

आणि मग लागला. घरातला दिवा नाही, माझ्या डोक्यातला!

"सूप!" मी ओरडलो आणि गॅरेजकडे धावलो. मेन वर केला. त्यासरशी सगळं घर एकदम उजळलं, टीव्ही बोलायला लागला, मायक्रोवेव्ह टूं टूं करायला लागला आणि छताला लावलेले, धूर झाला की वाजणारे भोंगे एका सुरात किंचाळले. डोरोथीबाईंचा गृहप्रवेश असा वाजतगाजत झाला. त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या! (का वाजवल्या, ते मला तेव्हा कळलं नाही.)

स्वयंपाकघरात स्लो कुकरवरचे आकडे लुकलुकत होते. मी झाकण उघडलं. कडेला पांढरी चरबी थिजलेली, मांस राखाडी आणि बटाटे करकरीत कच्चे. डॉक्टर वाकून बघत म्हणाले, "साळवे, दोन तास कोमट आणि साडेपाच तास गार. सर्जन म्हणून सांगतो, हे विहीणबाईंना वाढलंत तर यांचंही ऑपरेशन करावं लागेल."

सहा वर्षांचे आभार मी माझ्या हातानं कचऱ्याच्या पिशवीत ओतले. आवाज डबडब असा झाला. पोरीच्या आजारपणात काही करू शकलो नाही. आता एक सूप करायचं होतं, तेही जमलं नाही.

डॉक्टर माझ्याकडे बघून घसा खाकरत म्हणाले, "चूक माझीही आहे. चीज जरा जास्त चाखलं. काय आणायचंय सांगा. मी आणतो."

"डॉक्टर, बीफ आणायचंय."

डॉक्टरांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढं धरलं. "लिहून द्या," म्हणाले. डोरोथीबाईंनी चिठ्ठी लिहून दिली.

वीस मिनिटांनी परत आले ते तीन पिशव्या एकात एक घालून, हात लांब धरून. चाळीस वर्षं माणसांची पोटं फाडलेला हा गृहस्थ त्या पिशवीकडे बघायला तयार नव्हता! पिशवी ओट्यावर ठेवली, डोरोथीबाईंना आणखी दोन वाक्यं इंग्रजीत सांगितली, मला म्हणाले, "तेही बसवलंय," आणि अंघोळीला घरी पळाले.

राहिलो मी, डोरोथीबाई आणि कच्चं मांस. घड्याळात सव्वाचार. मुलं सहाला येणार.

बाईंनी शांतपणे बाह्या वर केल्या, स्नेहाचा एप्रन बांधला आणि माझ्यासमोर बटाटे आणि सोलणं ठेवलं. मी 'नो, नो, यू सिट' म्हणत होतो, त्या मला खांद्याला धरून बसवत होत्या. शेवटी बसलो. विहीणबाई चुलीपुढं आणि मुलीचा बाप बटाटे सोलतोय, हे मंगलनं पाहिलं असतं तर तिनं तिकडूनच फोन आपटला असता.

वेळ कमी, म्हणून मी कपाटातून आपला शिट्टीचा कुकर काढला. बाईंनी तो आयुष्यात पाहिला नव्हता. पहिली शिट्टी झाली तशा त्या एक उडी मारून फ्रिजमागं गेल्या! आता घाबरायची पाळी त्यांची होती आणि धीर द्यायची माझी. अमेरिकेत आल्यापासून हा मान मला पहिल्यांदाच मिळत होता. मी दोन बोटं वर केली, म्हणजे आता दुसरी. दुसरीला त्या फ्रिजमागून अर्ध्या बाहेर आल्या. पाचवीला त्या मोठ्यानं मोजत होत्या, "फाइव्ह!" आणि आठवीला त्यांनी माझ्या हातावर टाळी दिली.

गॅस बंद केला. स्वयंपाकघर एकदम शांत झालं. मी खिशातला कागद काढला, या वेळी सुलटा धरला आणि वाचलं, "यू वॉश्ड माय डॉटर्स हेअर. आय नॉट फरगेट."

डोरोथीबाई थांबल्या. हातातला डाव खाली ठेवला. मग त्या बरंच काही बोलल्या, हळूहळू, माझ्याकडे न बघता. मला त्यातलं काही कळलं नाही. पण त्यात स्नेहाचं नाव दोनदा आलं आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज बदलला. तेवढं मला पुष्कळ होतं.

मग त्यांनीच डोळा मिचकावला आणि सगळं सूप स्लो कुकरमध्ये ओतून वर झाकण ठेवलं. मुलांना कळू द्यायचं नाही, असं ओठांवर बोट ठेवून बजावलं.

सहा वाजता मुलं आली. डॅनियल आईला मिठी मारून मग माझ्याकडे वळला, "पप्पा, जेवलात का?" आम्ही टेबलावर बसलो. स्नेहानं एक चमचा घेतला. दुसरा घेतला. माझ्याकडे पाहिलं.

"पप्पा, सूप छान झालंय. आठ तास शिजलं ना?"

"हो तर. मी हललोच नाही समोरून."

तिनं फोन काढून माझ्यासमोर धरला. "सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी घरातलं एकूण एक मशीन बंद पडलं, असा मेसेज आलाय. कॅमेरा बंद, दरवाजा बंद, फ्रिज बंद. मी मीटिंगमध्ये होते, मला वाटलं गल्लीतलीच लाईट गेली. पप्पा, तुम्ही मेन बंद केला?"

मी सुपात बघत बसलो. तोच डोरोथीबाई स्नेहाचा हात धरून उत्साहानं बोलायला लागल्या. स्नेहाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी भुवया वर, मग तोंड उघडं, मग ती मराठीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "पप्पा, ही म्हणतेय, तुमची प्रथा तिला फार आवडली."

"कुठली प्रथा?"

"मुलाची आई पहिल्यांदा आली की मुलीचे वडील तिला दाराबाहेर बसवून ठेवतात. मग स्वतः साडी घेऊन येतात. घरात अंधार ठेवतात आणि ती आत आली की सगळे दिवे एकदम लावतात. मग सकाळचं अन्न टाकून द्यायचं आणि दोघांनी मिळून नवीन रांधायचं. फार जुनी आहे म्हणे. डॉक्टरकाकांनी समजावून सांगितलं तिला."

डॅनियल भारावून माझ्याकडे बघत होता. स्नेहा दात-ओठ आवळून हसू दाबत होती.

"तिला खरं सांगू, पप्पा?"

मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी निळी साडी शालीसारखी अंगावर घेतली होती. "सांग," मी म्हणालो. "सगळं सांग. मेनचंसुद्धा."

स्नेहानं तोंड उघडलं, पण डोरोथीबाई थांबायला तयार नव्हत्या. बहिणींना फोटो पाठवून झाले होते, चर्चमधल्या बायकांना कळवून झालं होतं. आणि नाताळात मी ओहायोला आलो की हीच प्रथा त्या माझ्यासाठी, काहीही कमी न करता, पाळणार होत्या!

आता खरं सांगायची हिंमत कोणातच राहिली नाही.

नाताळाला तीन आठवडे उरलेत. ओहायोला तेव्हा गुडघाभर बर्फ असतो म्हणे. मी डॉक्टरांना विचारलं, दाराबाहेर साधारण किती वेळ बसायचं? ते म्हणाले, "दीड तास तरी बसा, साळवे. संस्कृतीचा प्रश्न आहे." म्हणून मी रोज पहाटे माकडटोपी घालून मागच्या पायरीवर सराव करतोय. काल अकरा मिनिटं टिकलो.